खालच्या चार ओळी

यातला निम्मा भाग अमरावतीत पुष्कळांना ठाऊक होता. तो छापून आला होता, माझ्याच हातचा. उरलेला निम्मा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. ज्या दोघींना सांगायला हवा होता, त्यांनाही नाही. त्या दोघींनी मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं. एकीला दिलेलं उत्तर शब्दाला शब्द खरं होतं आणि दुसरीला दिलेलं साफ खोटं. कोणतं जास्त वाईट, ते मी ठरवू शकलेले नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — की हीसुद्धा पळवाटच? असेल. सांगते.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. मी अमरावतीच्या एका मराठी साप्ताहिकात कामाला होते. कचेरीत बाई मी एकटीच. इंग्रजी पत्रांतला मजकूर मराठीत उतरवायचा, मुद्रितं तपासायची आणि आठवड्याला एक सदर लिहायचं, परदेशांतल्या स्त्रियांवर. जपानी स्त्री, तुर्की स्त्री, आयरिश स्त्री. वाचकांना ते आवडायचं. संपादक म्हणायचे, तुमच्या लिहिण्यात भावना नाही म्हणून विश्वास बसतो. मला त्याचा अभिमान होता.

घरी आई आणि मी. भातकुलीच्या रस्त्याला आमचा फुलांचा मळा होता — शेवंती, गुलछडी, काकडा. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं फुलं विकून मला इंग्रजी शाळेत घातलं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी शिकत गेले तसं आमच्यातलं बोलणं कमी होत गेलं. भांडण नव्हतं. ती फुलांबद्दल बोलायची, मी हूं म्हणायची. एवढंच.

एक गोष्ट मात्र घडली होती. मी शाळेत जायला लागल्यावर एकदा गोंदणारीण मळ्यात आली. आईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, कपाळावर चंद्रकोर, मनगटावर तुळशीवृंदावन. हे सारं तिच्या आईनं तिच्यावर करवून घेतलं होतं. दागिने चोर नेतो, लुगडं फाटतं, मेल्यावर बाईच्या अंगावर गोंदण तेवढं उरतं असं ती मानायची. तिनं मला मांडीवर घेतलं. मी हात सोडवून पळाले. शाळेतल्या मुली हसतील, असं ओरडले.

"माही निशाणी नको तुले?" आई म्हणाली. "बरं."

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आता अनुशबद्दल.

शहरात मिशनचं एक मुलींचं वसतिगृह होतं. तिथं विणकाम शिकवायला एक बाई आली. वय तिशीच्या आतलं, अंग सडपातळ, डोळे काळे. आर्मेनियन. तो शब्द आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता, लोक तिला मडमच म्हणत. पण ती मडमांच्या पंगतीला बसत नसे आणि इतरांच्याही नाही. गळ्याभोवती रुमाल गुंडाळून तो हनुवटीवरून ओठापर्यंत ओढलेला, भर उन्हाळ्यातही. वसतिगृहाच्या प्रार्थनेसाठी फुलं आमच्या मळ्यातून जायची. ती न्यायला ती दर आठवड्याला येऊ लागली.

एकदा शेवंतीच्या वाफ्यात वाकली असताना तिचा रुमाल काटेरी कुंपणात अडकून सुटला. मी ओसरीवर मुद्रितं घेऊन बसले होते. मी सगळं पाहिलं. खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत निळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके. तिनं झटकन हातानं तोंड झाकलं. त्या हाताच्या पाठीवरही निळं होतं.

आई धावली. हात धुतलेले नव्हते, मातीचेच. तिनं अनुशचा हात बाजूला केला आणि हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"ओ माय! बायजे, इकडं ये वं! पाह्य ना, इले गोंदण हाय! आपल्यासारखंच!"

बायजा आमच्याबरोबर बाजारात फुलांच्या दुरड्या लावायची. ती आली, तिच्या दोघी सुना आल्या. चौघींनी तिला मधे घेतलं. कुणी तिचा हात उलटून पाहतंय, कुणी आपल्या मनगटाला तिचं मनगट लावतंय. बायजा म्हणाली, "गोरी हाय म्हून काय झालं, मायनं कसं बरोबर गोंदून देल्लं पोरीले. आमच्या कमळीनं तं नाई करू देल्लं." सगळ्या हसल्या. कमळी म्हणजे मी.

आईनं मला हाक मारली. "तुले इंग्रजी येते ना? इचार तिले, कोनं गोंदलं? मायनं का आजीनं?"

मी विचारलं. अनुशनं माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की आईनं नाही, आजीनंही नाही. ज्यांनी तिला धरून नेलं त्यांच्या बायकांनी. मग म्हणाली, "तुझ्या आईला काय ऐकायला आवडेल? ते सांग."

मी आईला सांगितलं, "आजीनं."

म्हणजे पहिलं खोटं माझं. ते मायेनं बोलले की टाळाटाळ म्हणून, मला आठवत नाही. पण बोलले मी, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

त्या दिवसापासून आई तिला अनुसया म्हणू लागली. ती आता फुलं न्यायला नव्हे, सुट्टीचा सारा दिवस मळ्यात काढायला यायची. फाटकात शिरताच रुमाल सोडायची. गजरे करायला शिकली, बायजेपेक्षा घट्ट करायला लागली. आई तिच्या केसांना तेल लावायची. माझ्या केसांना आईचा हात लागून किती वर्षं झाली होती? मी मोजलेलं नव्हतं. तेव्हा मोजायला लागले.

एकदा आई पुरणाचे मांडे करत होती. चुलीवर मडकं पालथं घातलेलं, आणि ती कणकेची पोळी दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत पातळ करत होती. हे काम आमच्या घरी तिलाच यायचं. मी एकदा प्रयत्न केला होता, पोळी फाटून चुलीत पडली होती. अनुशनं हात धुतले, एक गोळा उचलला आणि हातांवर घेतला. पोळी पसरत गेली — लुगड्याच्या पदरासारखी पातळ. तिच्या गावी बायका जमिनीत खणलेल्या भट्टीभोवती बसून अशीच भाकरी करायच्या. सासू लाटायची, सून भट्टीच्या अंगाला थापायची. आणि नवी सून पहिली कित्येक वर्षं सासूसमोर तोंडातून शब्द काढायची नाही, खुणांनी बोलायची. हे तिनं मला इंग्रजीत सांगितलं, मी आईला.

आई हसून हसून खाली बसली. "मले अशी सून भेटली असती तं! बोलनार नाई, अन् मांडे करून देईन!"

आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी हसले नाही. मी त्या हसण्याकडे बातमीसारखं पाहत होते — केव्हा, कशामुळे, कुणासाठी.

काय जळत होतं ते नेमकं सांगते, नेमकं सांगणं हा माझा धंदा होता. ती माझ्यापेक्षा रूपानं उजवी होती, म्हणून नाही. तिला वाईट दिवस आले होते आणि मला नाही, म्हणून तर नाहीच. जी गोष्ट आईनं मला द्यायला काढली आणि मी नाकारली, ती हिच्या तोंडावर आयती होती. आणि ती खोटी होती! आईनं लावलेला अर्थ तिच्यात नव्हताच. ज्यांनी तिला आपल्या घरात ओढून नेलं, त्यांनी आपलं माणूस म्हणून मारलेला तो शिक्का. हे मला ठाऊक होतं आणि आईला नव्हतं. दर सुट्टीला मी ते तोंडात धरून ओसरीवर बसायची.

तिला वसतिगृहापर्यंत पोचवायला मीच जायची. त्या वाटेवर तिनं मला हळूहळू सगळं सांगितलं. महायुद्धात तुर्की शिपायांनी तिच्या गावचे पुरुष आधी नेले. मग बायका-मुलांना चालवत वाळवंटाकडे नेलं. तिची आई वाटेत गेली. वाळवंटातल्या एका टोळीच्या माणसानं हिला उचललं. ती तेव्हा परकर नेसायच्या वयाची. त्या घरात मोठी झाली, तिथंच तिला मुलगी झाली. मग युद्ध संपल्यावर मदत करणाऱ्या संस्थेची माणसं अशा मुली शोधत आली. त्या घरचा धनी म्हणाला, हिला न्या, मूल आमचं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं मुलीला आत नेऊन दार लावलं. अनुश गाडीतून उतरून परत दाराशी गेली. दार उघडलं नाही. ती तिथंच बसून राहिली, तेव्हा त्या माणसांनी तिला उचलून गाडीत घातलं. पुढे अनाथालय, मग बसऱ्याहून आगबोट, कलकत्त्याला तिच्या लोकांची शाळा, आणि तिथून अमरावती.

"तुझ्या आईला नको सांगू," ती म्हणाली. "जगात एका ठिकाणी तरी बायका याला चांगलं म्हणतात. म्हणू दे."

मी हो म्हटलं.

मग मी 'आर्मेनियन स्त्री' लिहायला घेतलं.

संपादकांना मीच सुचवलं. ते खूश झाले. लेख चांगला होता — आजही म्हणेन. सुरतेला नि आग्ऱ्याला ज्यांच्या कबरी आहेत त्या व्यापाऱ्यांच्या बायकांपासून सुरुवात केली होती. पुरुष दूर देशी गेले की घर, रेशीम, देवघेव कोण बघायचं, ते त्यात होतं. मुक्या सुना होत्या, जमिनीतली भट्टी होती, सुईनं गाठी मारून केलेली जाळी होती. एका समाजाच्या बायकांनी शेकडो वर्षं काय हातांत धरून ठेवलं, याची ती हकिगत होती. मग वाळवंट. आणि शेवटी, अशीच एक स्त्री आज आपल्या शहरात विणकाम शिकवते, असं. नाव घातलं नाही. हनुवटीवरचं निळं घातलं. ते कशाचं, कुणी केलं, ते घातलं. एकही अक्षर खोटं नव्हतं.

पण मला हे सांगायचं नाही. लेख मी लिहिला हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते पुढचं —

आमच्या छापखान्यात एक रीत होती. अंक बांधायच्या दिवशी ऐन वेळी जाहिरात आली की जागा काढायला फोरमन लेखाचा शेवट उचलायचा. खालून कापायचं, वर हात लावायचा नाही. म्हणून आम्ही महत्त्वाचं वर लिहायचं, आणि जे गेलं तरी चालेल ते खाली. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवत. आणि कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांच्या जाहिराती ऐन वेळी यायच्याच. येतील का असा प्रश्न नसायचा, किती येतील एवढाच.

मी लेखात लिहिलं, "आपली मुलगी तिथंच ठेवून ती मदतीला आलेल्या लोकांबरोबर निघाली." तिथं परिच्छेद तोडला. आणि मग वेगळा, शेवटचा, चार ओळींचा परिच्छेद — घरधनी काय म्हणाला, दार कुणी लावलं, ती परत गेली, तिला उचलून नेलं.

त्या ओळी वर का नाही घातल्या? जागा होती. एका वाक्यात बसल्या असत्या. मी मजकूर दोनदा उतरवला, आणि पहिल्या खेपेला त्या वरच होत्या. दुसऱ्या खेपेला मी त्या खाली नेल्या. बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली मला खिडकीतून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी फोरमन महादेवभाऊ माझ्या टेबलाशी आला. भला माणूस, कान पकडतच आला. "बाई, तुमचा खालचा तुकडा उचलला बा. जाहिरात आली, मी काय करू? रागावून नका राहू."

मी म्हटलं, चालायचंच.

संपादकांनी विचारलं, पुढच्या अंकात घेऊ का उरलेलं? मी म्हटलं, नको, कशाला, एवढ्यानं काय बिघडतं.

अंक बाजारात गेला. फुलांच्या ओळीसमोरच्या चहाच्या दुकानात कुणीतरी तो मोठ्यानं वाचायचा, बायका दुरड्यांमागून ऐकायच्या. हे मला माहीत होतं. मी त्या ओळीत वाढलेली. संध्याकाळी आई घरी आली आणि दुरडी न उतरवताच विचारलं, "पेपरात आलं ते तूच लेहलं काय?"

"हो."

"खरं हाय?"

"हो."

"आजीनं गोंदलं म्हने. माह्याशी खोटं बोलली ते."

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. ती नाही, मी खोटं बोलले. मी बोलले नाही.

आई खाली बसली. गोंदणाचं तिला एवढं लागलं नव्हतं, परक्या घरात राहिल्याचंही नाही. ती चुलीकडे पाहत म्हणाली, "नेलं असंन तिले. बाईनं काय करावं? पन लेक टाकून आली? आपल्या पोटची लेक? कशी आली असंन व माय?"

कोणत्या गोष्टीला आई क्षमा करणार नाही, ते मला लेख लिहिताना ठाऊक होतं. मी तिचीच लेक. खालच्या चार ओळी तोंडी सांगायला श्वासभर वेळ लागला असता. मी उठून पाणी आणायला गेले.

पुढच्या सुट्टीला अनुश आली तेव्हा फुलांची टोपली फाटकाबाहेर ठेवलेली होती. आई वाफ्यात पाठमोरी उभी. बायजेच्या सुनांनी पदर ओढून मान वळवली. अनुश फाटकाशी थोडा वेळ थांबली. मग तिनं रुमाल ओठापर्यंत वर घेतला, टोपली उचलली आणि गेली. मी ओसरीवर होते. माझ्याकडे तिनं रागानं पाहिलं असतं तर — पण तिनं पाहिलंच नाही.

थोड्याच दिवसांत वसतिगृहाच्या लोकांनी तिला अकोल्याच्या शाळेत पाठवलं.

आणि मी? मला वाटलं होतं आता आई माझी होईल. झाली नाही. ती मांडे करायची बंद झाली.

दोनेक वर्षांनी कापसाच्या बाजाराची हकिगत घ्यायला मी अकोल्याला गेले. शाळेच्या फाटकाशी ती समोर आली. पळून जायला जागा नव्हती. तिनं आधी विचारलं, आई कशी आहे? मग म्हणाली, अमरावतीहून आलेल्या एका बाईनं सांगितलं की लेखाचा शेवट छापखान्यात कापला गेला. "तू लिहिलं होतंस ना, दाराचं?"

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

हे ते खरं उत्तर.

तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, मला माहीतच होतं, तू असं अर्धं लिहिणार नाहीस. म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझी समजूत काढली तिनं! मी ती काढू दिली. मला चहा दिला, मी प्यायले. निघताना तिनं सुईनं केलेल्या जाळीचा एक रुमाल आईसाठी दिला. तो मी बडनेऱ्याला गाडी बदलताना बाकावर ठेवला आणि तसाच सोडून दुसऱ्या गाडीत बसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं. मी कचेरीतून रजा घेतली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी दिवसचे दिवस एकत्र होतो. मी तिचे पाय चेपायची, केस विंचरायची. एका दुपारी ती छताकडे पाहत पडली होती. म्हणाली, "कमळे, अनुसया कुठी हाय आता?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

"मी तिले इचारलंच नाई. लेक कशी राह्यली, काहून राह्यली. कोनी ओढून घेतली काय? एवढं बी इचारलं नाई मी. टोपली बाहेर ठेवून देल्ली, कुत्र्याले ठेवते तशी." तिनं माझं मनगट धरलं. पकड आश्चर्य वाटावं एवढी घट्ट होती. "तिले बलाव. मले तिच्याशी बोलाचं हाय."

अकोला किती दूर होतं? सकाळच्या गाडीनं निघाली असती तर दुपारी ती आईजवळ बसली असती. आईला उठून बसायची ताकद अजून होती. अनुशला आता मराठी येत होतं; मी दोघींच्या मधे एक शब्दही न बोलता खोलीबाहेर थांबू शकले असते. किंवा नुसतं तारघरात जाऊन येऊ शकले असते.

मी म्हटलं, "ती कलकत्त्याला गेली. पत्ता नाही."

आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा तिनं काही मागितलं नाही. चार-पाच दिवसांनी ती गेली. शेवटचं पाणी मी पाजलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणी असू नये, असंच मला हवं होतं.